शून्याचा पाय

माझा दादा माणूस वाईट नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि त्याला शिव्या घालायचा हक्क या जगात फक्त माझा आहे. आणखी एकीचा होता, ती गेली.

दुकान आमच्या वडिलांचं. पुढे दुकान, मागे कारखाना. बूट आणि चपला, सगळं मापावर. गिऱ्हाईक आलं की स्टुलावर बसायचं, मोजे काढायचे, आणि आमचे फर्मेवाले काका खाली बसून त्याचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचे. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, त्यावर कातडं ताणून बूट बेततात. जुन्या गिऱ्हाइकांचे फर्मे नंबर टाकून मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेले असायचे. लहानपणी मी त्या खोलीत एकटी जायचे नाही. शेकडो पाय आणि वर एकही माणूस नाही! काका मात्र तिथे बसून बिडी ओढायचे. त्यांची एक सवय होती. माप घेताना ते घोट्याच्या वर अंगठा दाबून धरायचे आणि खळगा किती वेळ राहतो ते बघायचे. खळगा राहिला की गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बूट नंतर शिवू, आधी डॉक्टरकडे जाऊन या." वडील कपाळाला हात लावायचे. "अरे, माणूस बूट घ्यायला आलाय की नाडी दाखवायला?"

दादाने दुकान हातात घेतलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. आल्या आल्या त्याने हातशिलाई बंद करून शिवणयंत्रं आणली. वडील म्हणाले, हा दुकान बुडवणार. नाही बुडालं. मग शिवलेल्या तळाऐवजी चिकटवलेला तळ आणला. कारागीर म्हणाले, आता बुडालंच. तेव्हाही नाही. आमच्या रस्त्यावर बुटांची आणखी दोन दुकानं होती, आमच्यापेक्षा जुनी, आमच्यापेक्षा नावाजलेली. ती जुनं धरून बसली. एकात आता मोबाइलची कव्हरं विकतात आणि दुसऱ्याचं शटर कित्येक वर्षांत उघडलेलं नाही. दादा रोज सकाळी त्या शटरसमोरून येताना मला म्हणायचा, "बघून घे, मिरचे. थांबला तो संपला." मिरची म्हणजे मी. तोंडामुळे पडलेलं नाव.

त्याचं चुकायचं नाही, हेच वाईट झालं. एकदा बरोबर, दोनदा बरोबर, मग माणसाला वाटायला लागतं की चूक ही गोष्ट इतर लोक करतात.

गेल्या वर्षी त्याने मापाची मशीन आणली. काचेचा चौथरा, चारी कोपऱ्यांत कॅमेरे, शेजारी पडदा. अनवाणी काचेवर उभं राहायचं, निळा दिवा पायांभोवती फिरतो, आणि पडद्यावर तुमचे दोन्ही पाय उमटतात, लांबी, रुंदी, घेर, सगळं मिलिमीटरमध्ये. तिथून ते आकडे दुसऱ्या यंत्राकडे जातात आणि ते प्लास्टिकचा फर्मा कापून देतं. लाकडी फर्मे एक सजावटवाला टेम्पो भरून घेऊन गेला. काकांना दादा म्हणाला, "तुम्ही बसा इथेच, नुसतं लक्ष ठेवा." काका म्हणाले, "मी बघायला येत नव्हतो रे, हात लावायला येत होतो." दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

वहिनी मशीनभोवती एक फेरी मारून आली आणि माझ्या कानात म्हणाली, "आली बाई माझी सवत."

वहिनी दुकानात काउंटरवर बसायची. तिच्यामुळे गिऱ्हाईक टिकायचं आणि माझ्यामुळे पळायचं, असं दादा म्हणायचा. मशीन बसवायला आलेला माणूस टकला, शांत, सारखा चष्मा पुसणारा. त्याने सांगितलं की रोज सकाळी दुकान उघडलं की एक ओळखीचा पाय काचेवर ठेवा, ज्याचं माप पक्कं माहीत आहे असा. आकडा जुळला तर मशीन नीट आहे. नाही जुळला तर मला फोन करा, मी इथे न येताही तेवढं कमीजास्त करून देतो. या रोजच्या मापाला तो शून्य म्हणायचा. पाय कुणाचा, यावर चर्चाच झाली नाही. काकांच्या वहीत वहिनीच्या पायाची वीस वर्षांची मापं होती. घेर उजव्याचा दोनशे एकतीस, डाव्याचा दोनशे बत्तीस, दोन बाळंतपणांनंतरही तेवढाच. मग रोज सकाळी दादा शटर वर करायचा, दिवे लावायचा आणि ओरडायचा, "चला, शून्य!" आणि वहिनी चपला काढून काचेवर चढायची. "लग्न करून आणलं तेव्हा लक्ष्मी म्हणाले," ती मला म्हणायची, "वीस वर्षांत शून्यावर आले बघा, वन्सं." आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

मोठ्या हॉटेलची ऑर्डर येणार होती. चारशे माणसांचे बूट, दिवसभर उभं राहणाऱ्यांचे, प्रत्येकाच्या पायाच्या मापाचे. हॉटेलचे साहेब लोक मशीन बघायला येणार होते आणि दादाला झोप नव्हती. त्याच्या तीन आठवडे आधी मशीन बिघडली. म्हणजे, बिघडली असं आम्ही समजलो. उजवा पाय दोनशे एकतीस, बरोबर. डावा दोनशे पस्तीस. दादाने काच पुसली, मशीन बंद करून चालू केली. दोनशे पस्तीस. त्याने फोन लावला. टकला म्हणाला, "डाव्या बाजूचा कॅमेरा वाढवून दाखवत असेल, तीन वजा करतो." केले. पाच-सहा दिवसांनी पुन्हा वाढलं. पुन्हा तीन वजा. आणखी काही दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या वेळी दादा फोनवर ओरडला, "अहो, डबडं दिलंय का मला? रोज डावा पाय फुगवून दाखवतेय!" वहिनी तेव्हा काचेवरच उभी होती. एका हाताने साडी घोट्याच्या वर धरून. त्या डाव्या पायाकडे आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. आम्ही पडद्याकडे बघत होतो.

मी काय केलं तेही सांगते. तिने त्या आठवड्यात माझ्याकडे अर्धा नंबर मोठी चप्पल मागितली. म्हणाली, डावी घट्ट होतेय आणि पोटरी भरून आलीय. मी म्हटलं, "वय झालं वहिनी, पाय पसरले. अंथरूण पाहून पसरावे म्हणतात ना!" ती हसली. मी चप्पल काढून दिली आणि विसरले.

साहेब लोक आले त्या दिवशी वहिनी ठेवणीतली साडी नेसून काचेवर उभी राहिली. निळा दिवा फिरला. दोनशे एकतीस, दोनशे बत्तीस. दादाने काकांची वही शेजारी धरून दाखवली, वीस वर्षांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा, तंतोतंत. टाळ्या पडल्या. ऑर्डर मिळाली. खाली उतरताना वहिनीने माझा खांदा धरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात यायला निघाली, दारात बसली आणि म्हणाली, श्वास घेता येत नाहीये. दवाखान्यापर्यंत पोचली नाही. डॉक्टर म्हणाले, पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती फुफ्फुसात गेली. मग त्यांनी सहज विचारलं, "एक पाय सुजला असेल बरेच दिवस. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" आम्ही दोघांनी नकारार्थी माना हलवल्या. बूट शिवणारं घर आमचं! दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका?

दादा तेराव्या दिवसानंतर दुकानात आला तो कामाला जुंपूनच. चारशे जोड वेळेवर गेले. आणि मग एकेक करून परत यायला लागले.

"डावा टोचतो." पहिल्यांदा मी फोनवर ऐकलं तेव्हा काही वाटलं नाही. नवं कातडं, टोचणारच. मग दुसरा, मग दहावा. दरवानाचा, आचाऱ्याचा, जिने झाडणाऱ्या बाईचा. आवाज वेगळे, वाक्य तेच. डावा टोचतो. उजवा छान आहे हो, डावा तेवढा टोचतो. हॉटेलबाहेरची गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली. मला दुपारी फोन वाजला की उचलायच्या आधीच कळायचं की पलीकडून काय ऐकू येणार आहे. कारखान्यात चौदा कारागीर, त्यातले चार दिवसभर डावे बूट ताणायला बसवले. ताणलेलं कातडं महिनाभरात परत आखडायचं. पुन्हा फोन.

सकाळी आणखी वाईट. दादा मशीन चालू करायचा आणि पडद्यावर अक्षरं यायची, ओळखीचा पाय ठेवा. दिवा निळा होऊन काचेवरून रिकामाच फिरायचा. एक फेरी, दोन फेऱ्या. मग दादा 'वगळा' असं लिहिलेलं बटण दाबायचा. रोज. एकदा मला ते बघवेना. मी चपला काढल्या आणि म्हटलं, "मी उभी राहते. माझा पाय ठेव शून्याला." तो इतक्या मोठ्याने "उतर तिथून!" म्हणून ओरडला की मागची सगळी यंत्रं थांबली. खरं सांगते, त्या काचेला मी नंतर हात लावायलाही घाबरायचे. पुसायची वेळ आली की वाटायचं, ती अजून उभी आहे आणि आपलं फडकं तिच्या पायांना लागेल.

मग हॉटेलचं पत्र आलं. पंधरा दिवसांत डावे बूट नीट करून द्या, नाही तर पुढची सगळी मागणी रद्द. ती मागणी गेली असती तर कारखाना बंद, चौदा घरं रस्त्यावर. दादा पत्र वाचून म्हणाला, "ताणायला आणखी दोघं बसवतो." मी म्हटलं, "अरे, ताणून ताणून किती ताणशील? मशीनवाल्याला बोलाव." तो म्हणाला, "मशीनला काय कळतंय!" हे दादाच्या तोंडून! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

परत आलेल्यांतले तीन जोड पिशवीत घातले आणि काकांकडे गेले. काका लेकीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी खाट. त्यांनी बूट बघितलेच नाहीत. एकेकात पंजा घातला आणि डोळे मिटून चाचपले. तीन उजवे, मग तीन डावे. मग डावे पुन्हा.

"कारागिराची चूक नाही," ते म्हणाले. "हाताची चूक एकात कमी असते, एकात जास्त. ही तिन्हींत सारखी आहे. कुणीतरी मापातूनच डावा पाय बारीक केलाय. मशीनला सांगितलंय का कुणी, की डावा जास्त दाखवतेस म्हणून?"

माझ्या हातातला पेला खाली ठेवायला मला जागा सापडेना. तो फोन, ते ओरडणं, वहिनीची वर धरलेली साडी, सगळं एकदम समोर आलं. डबडं. रोज फुगवून दाखवतेय. मी काकांना सांगितलं, कसंबसं. त्यांनी बूट एकेक करून पिशवीत परत घातले. "मी तिथे असतो तर," एवढं म्हणाले आणि पुढचं गिळलं. बरं केलं. मला ते ऐकवलं नसतं.

म्हणजे मशीन कधी बिघडलीच नव्हती. तिने वहिनीची सूज मोजली होती, आणि आम्ही तिला ती सूज न बघायला शिकवलं. आता ती कुणाचाही डावा पाय आला की त्यातून वहिनीची सूज वजा करत होती. आठ महिने आम्ही गावभर तेच विकत होतो.

रस्त्यात एका बाकावर बसून मी मशीनवाल्याला फोन लावला. माझा बेत ठरला होता. दादाला कळू न देता तीन वेळा मिळून वजा केलेले ते नऊ मिलिमीटर काढून टाकायचे, बूट नीट करायचे आणि हे गुपित माझ्याबरोबर चितेवर जाऊ द्यायचं. आधीच बायको गेली, आता हे कशाला त्याच्या डोक्यावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

मशीनवाला सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, साहेबांना माहीत आहे. पहिल्या आठ-दहा तक्रारी आल्या तेव्हाच मी येऊन गेलो होतो, तुम्ही बाहेर होता. डाव्यात नऊ वजा आहेत, काढू का, असं विचारलं. साहेब बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, असू दे."

घरी जाऊन काही बोलले नाही. बोलले असते तर ओरडले असते, आणि शेजारच्या खोलीत दादाची मुलं अभ्यास करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आम्ही दोघंच. त्याने मशीन चालू केली. ओळखीचा पाय ठेवा. तो 'वगळा' दाबणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"दादा, डाव्यात नऊ वजा आहेत."

"माहीत आहे."

"चौदा घरं आहेत मागे. लोकांच्या पायांना फोड आलेत. काय चाललंय तुझं?"

तो स्टुलावर बसला. माझा दादा, ज्याच्यापुढे वडिलांचंही चाललं नाही, तो त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर पाय जवळ घेऊन बसला.

"मिरचे, ते नऊ काढले की बूट नीट होतील?"

"होतील."

"म्हणजे मशीन नीट आहे."

"हो."

"म्हणजे तेव्हाही नीट होती."

मी त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

"बूट टोचतोय तोवर मशीनच चुकतेय गं," तो म्हणाला. "तेवढंच धरून बसलोय मी."

मी आले होते त्याला फाडून खायला. रात्रभर वाक्यं तयार केली होती, एकाहून एक तिखट. एकही आठवलं नाही. रडू मात्र आलं, आणि ते मला कधी नीट येत नाही, नाकातून येतं. मी त्याला चपलेचं सांगितलं. अर्धा नंबर मोठी, आणि मी काय बोलले ते. आठ महिन्यांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मशीन बरोबर होती, दादा," मी म्हटलं. "आपण चुकलो. दोघंही. आता लोकांचे पाय सोड."

त्याने खिशातून फोन काढला आणि स्वतः मशीनवाल्याला लावला. आवाज मोठा करून फोन काचेवर ठेवला. टकला एकेक पायरी सांगत गेला, हे दाबा, आता ते दाबा, आणि दादा एका बोटाने दाबत गेला. डाव्यातले नऊ गेले. मला वाटलं, झालं. तेवढ्यात पडद्यावर एक प्रश्न आला. आधीची मापंही दुरुस्त करायची का?

"हो करा साहेब," फोनमधून आवाज आला. "म्हणजे ज्या ज्या दिवशी चुकीचं वजा झालंय, ती सगळी मापं खऱ्यावर येतील. सगळ्या गिऱ्हाइकांचे फर्मे परत कापता येतील."

दादाने हो दाबलं. गिऱ्हाइकांची यादी भराभर वर सरकली, शेकडो नावं, प्रत्येकाचा डावा आकडा बदलत होता. ती थांबली तेव्हा सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत, नावाच्या जागी नुसतं शून्य होतं.

"दादा, नको उघडूस," मी म्हटलं.

त्याने उघडलं. तारखा होत्या, एकाखाली एक. समोर उजवा, डावा. उजवा सगळीकडे दोनशे एकतीस. तो डाव्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागला, शाळेत धडा वाचतात तसा, थांबत थांबत. दोनशे बत्तीस. दोनशे बत्तीस. दोनशे पस्तीस. दोनशे पस्तीस. छत्तीस. अडतीस. फोनमधून मशीनवाला "साहेब? साहेब?" म्हणत होता, मी तो बंद केला. मागे कारागीर यायला लागले होते आणि दारातच थांबले होते. एकोणचाळीस. टाळ्या पडल्या त्या दिवशीचं माप आलं. दोनशे एक्केचाळीस. त्यानंतर दोन दिवस, तेच.

"रोज सांगत होती गं ही," दादा म्हणाला.

खाली आणखी माप नव्हतं. तरी त्याचं बोट पडद्यावरून खाली सरकत राहिलं.